पदरवाल्याचा सत्कार

“मी येणार न्हाई, आई. तू आणि मयुरी जावा,” सर्जेराव म्हणाला.

दुकानापुढं एक मोटारसायकल उभी करून तो तिच्या मागच्या चाकाशी बसला होता. माझ्या हातात त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट. सव्वीस जानेवारी, सकाळचे आठ वाजलेले, शाळेवर कर्णा लागलेला. झेंडा झाला की माझ्या लेकाचा सत्कार आहे हे साऱ्या गावाला ठाऊक, आणि लेक कोपरापर्यंत ग्रीस माखून बसलेला.

“कुणाची गाडी ती?”

“वरच्या आळीच्या धनाजीची. जाळी ढिली झालीय. बायकोला घेऊन दवाखान्यात जायचंय त्याला.”

“मग आवळ ती आणि शर्ट घाल. दहा मिनिटांचं काम.”

“जाळी दहा मिनिटांचीच हाय. मी सत्काराचं बोलतोय.”

“सर्जा, नऊ वर्षं ह्या गावानं तुला पदरवाला म्हणून हिणवलं. आज तेच गाव शाल घेऊन उभं हाय. ती शाल तुझ्या अंगावर पडल्याली मला ह्या डोळ्यांनी बघायचीय.”

त्यानं वर बघितलंच नाही. पाना फिरवत राहिला.

पदरवाला हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. माझी सून वैजयंता ह्याच्याच गाडीवरून पडून गेली. माहेरी भाच्याचं जावळ होतं, तिकडं निघाले होते दोघं. मयुरी तेव्हा चार वर्षांची. तिच्या अंगात ताप, म्हणून ती माझ्यापाशी राहिली. वैजयंता एका अंगानं बसलेली. वाटेत पदर मागच्या चाकात गेला आणि चाकानं तो गुंडाळून घेतला. सर्जेरावाला कळलं तेव्हा गाडी हलकी झाली होती. ह्याहून जास्त मला सांगवत नाही.

सर्जेरावाचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्या, फाटकं, नांगराचे फाळ. महिनाभर ते दुकान बंद होतं. मग एका सकाळी उघडलं आणि त्यानं पहिली वस्तू केली ती जाळी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या अंगाला कंपनीची जाळी असते, बाईचा पदर आत जाऊ नये म्हणून. नवी गाडी आली की पोरं पहिली ती काढून टाकतात, गाडी बायकी दिसते म्हणून. ह्यानंही काढली होती. तेव्हापासून तो दिसेल त्या गाडीला जाळी बसवत सुटला. बाजारच्या दिवशी तालुक्याला जायचा. लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या फाटकाशी उभा राहायचा, गळ्यात पिशवी, पिशवीत पिना. कुणी बाई गाडीवर बसायला लागली की हा पुढं. “ताई, पदर खोचा. मावशी, पदर.”

आता तरुण गडी, बायको गेलेली, आणि परक्या बायकांच्या पदराकडं बघतो. लोक गप्प बसतील? “आला पदर धरायला,” म्हणायचे. “दुसरी बघतोय, दुसरी.” एका लग्नात एका नवऱ्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. हा गाल चोळत घरी आला आणि म्हणाला, “पण पदर खोचला तिनं.”

मी दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून त्या माणसाच्या दारात गेले. म्हटलं, “बाहेर ये रे. तुझ्या बायकोचा पदर माझ्या लेकानं बघितला तर तुला राग आला. चाकानं बघितला असता म्हंजे बरं वाटलं असतं का तुला?” त्याच्या बायकोनंच मला आत घेतलं आणि चहा दिला. तो परसदारानं निघून गेला.

पुढं दिवस पालटले. शेजारच्या गावची एक बाई पेढे घेऊन आली. तिच्या लुगड्याचा काठ जाळीला घासून चिंध्या झाला होता आणि ती धड होती. त्या चिंध्या तिनं मला दाखवल्या, पैठणी दाखवावी तशा. तालुक्यातल्या दोन गाड्यांच्या दुकानांनी जाळी काढून द्यायचं बंद केलं. शाळा-कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. तिथं तो फार बोलायचा नाही. दोनच गोष्टी सांगायचा. जाळी मी माझ्या हातानं काढली होती, ही एक. आणि त्या दिवशी वाऱ्यानं पदर सुटला, ही दुसरी. बायका डोळे पुसायच्या म्हणे. म्हणे म्हणते, कारण मी कधी ऐकायला गेले नाही. मला घरी काम असायचं.

तर असा माझा लेक, आणि त्याला आज सत्कार नको.

“आक्का, नवरदेव झाला का तयार?” अनुसया आली. अनुसया माझी धाकटी जाऊ. आमच्या दोघींच्या घरांमधे एकच भिंत, आणि ती भिंत असूनही तिला माझं सगळं कळतं. आज तिनं जरीचं नेसलं होतं. हातात सर्जेरावाला द्यायची कापडाची फुलं.

“नवरदेव रुसलाय,” म्हटलं.

“अरं सर्जा, नऊ वर्षं गाव तुझ्यावर हसलं. आज एक दिवस तू गावावर हस की.”

“काकी, मला न्हाई यायचं.”

अनुसया थांबली. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग हातातली फुलं उगीच नीट करत म्हणाली, “मग ऱ्हाऊ द्या आक्का. नको म्हणतोय तर नको. नको ती उकराउकर.”

“उकरायला काय पुरलंय?”

“मला काय ठावं?” म्हणाली आणि चालायला लागली. दहा पावलांवर जाऊन परत वळली. “मी तुमची खुर्ची धरून ठेवते.”

ती गेल्यावर मी सर्जेरावासमोर जमिनीवर बसले. माझे गुडघे तेव्हाही धड नव्हते, बसले की उठायला दोन माणसं लागायची. तरी बसले.

“आता खरं बोल.”

तो जाळीकडंच बघत म्हणाला, “गुरुजी म्हणालेत, शाल झाली की वैजयंताचं सांग.”

“मग सांग की. गावोगाव सांगतोस.”

“परगावी सांगतो. हितं न्हाई सांगवत.” त्यानं नट आवळला, पुन्हा सोडला, पुन्हा आवळला. “पुढच्या रांगेत तू बसणार. मयुरी ध्वजापाशी उभी असणार. आणि मी माईकवर वाऱ्याचं सांगायचं?”

मांडीवरचा शर्ट मी उगीच सारखा केला. नऊ वर्षांत आम्ही दोघांनी हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्यानंही नाही, मीही नाही. मला वाटायचं त्यानं ऐकलंच नसेल, गाडीला किक मारत होता. त्यानं ऐकलं होतं.

“धर,” मी हात पुढं केला. त्यानं मला उठवलं. ग्रीसचे पाच काळे ठसे माझ्या दंडावर उमटले. शर्ट मी त्याच्या दुकानाच्या खिळ्याला अडकवला. “बरं. तू येऊ नको. तुझी शाल मी घेऊन येते.”

“आई,” तो पाना खाली ठेवून उभा राहिला. “तू तिथं काय बोलू नको.”

“मी तिसरी शिकलेली बाई. मला काय बोलता येतंय?” म्हटलं आणि निघाले.

शाळेच्या पटांगणात चुन्याची फक्की मारलेली. पोरं ओळीनं उभी. मयुरी तेरा वर्षांची, पांढऱ्या गणवेशात, सगळ्यांच्या पुढं. कवायतीचे हुकूम ती द्यायची. “सावधान!” अशी ओरडायची की म्हातारे गडीसुद्धा चपला जुळवायचे. त्या पोरीला मी वाढवली. आई गेल्यापासून ती रोज माझ्या अंथरुणात झोपली. माझ्या पोटावर हात टाकल्याशिवाय तिला झोप यायची नाही. वाटेत येताना मी दुसऱ्या कशाचाच विचार केला नव्हता. तेवढ्या हाताचा केला.

पुढं खुर्च्यांची एक रांग, ती आम्हा म्हाताऱ्यांची. साऱ्या जणी डोक्यावरून पदर घेऊन मान खाली घालून बसलेल्या. आमच्या मागं सतरंजीवर सुना, लेकरं. बाजूला मंडपात पुरुषमाणसं. सरपंचीण होती शालन. वरच्या आळीची सून, शिकलेली, कामाला वाघीण. पण तिचे सासरे मंडपात पहिल्या खुर्चीवर. तिनं झेंड्याची दोरी एका हातानं ओढली, कारण दुसऱ्या हातात डोक्यावरचा पदर. झेंडा मधेच अडकला. तिनं हिसका दिला, पुन्हा हिसका दिला, पण तो हात काही डोक्यावरून खाली आला नाही. अनुसया माझ्या कानाशी म्हणाली, “आज काय फडकत न्हाई ह्यो.” शेवटी शिपायानं काठीनं ढोसल्यावर फडकला.

मग गुरुजींनी वाचायला घेतलं. अपघातात पत्नी गमावल्यावर खचून न जाता, असं बरंच काही. छान लिहिलं होतं. शेवटी म्हणाले, “श्री. सर्जेराव बाबर यांनी व्यासपीठावर यावं.”

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणी येईना. मंडपातून कुणीतरी म्हणालं, “पदर धरायला गेला वाटतं,” आणि दोघं-चौघं हसले. मी उठले. अनुसयानं माझं लुगडं धरलं. “आक्का, बसा.” मी तिचा हात सोडवला.

पायऱ्या चढून वर गेले. शालन शाल उलगडून उभी. “आत्या, सर्जाभाऊ कुठायत?”

“धनाजीच्या गाडीला जाळी बसवतोय. धनाजीची बायको दवाखान्यात जायचीय. शालीपेक्षा ती मोठी हाय म्हणाला.” हे तो म्हणाला नव्हता, पण म्हणाला असता.

पुरुषांतले हसणारे गप्प झाले. शालन शाल माझ्या खांद्याकडं आणायला लागली.

“माझी न्हाई ती. तशीच धर,” म्हटलं. “गुरुजी, हे बोलायचं कुठनं चालू होतंय?”

“चालूच आहे, आक्का.”

ते तोंडाशी धरलं आणि माझा श्वास साऱ्या गावाला ऐकू गेला. समोर पोरांच्या रांगेत मयुरी माझ्याकडं बघून हसत होती, आज्जी माईकवर म्हणून.

“माझा लेक गावोगाव एक गोष्ट सांगतो,” मी म्हटलं. “वैजयंताचा पदर वाऱ्यानं सुटला म्हणून. खोटं हाय ते. त्या दिवशी वारं नव्हतं.”

मयुरीचं हसू तसंच राहिलं. तिला अजून काही कळलं नव्हतं.

“माझी सून शहाणी होती. पदर गच्च आवळून कमरेला खोचून निघाली होती. गाडीवर बसली. आणि मी दारातनं वरडले. काय वरडले ते ऐका. म्हटलं, चावडीवर भावकी बसलीय, थोरली माणसं बसल्यात, आणि पदर खोचून भांडायला निघाल्यागत कुठं चाललीस? सोड तो. डोक्यावरनं घे. बाबरांची सून हायस तू. तिनं सोडला. डोक्यावरनं घेतला. एका हातात जावळाचं आहेराचं बोचकं, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरलेला. चावडी गेली, गाव गेलं, पण परत खोचायला तिला तिसरा हात न्हवता. अनुसया भिंतीपल्याड भांडी घाशीत होती. तिनं ऐकलंय. इचारा तिला.”

अनुसयानं मान खाली घातली. तेवढंच पुरलं. पटांगणात एक लेकरू रडत होतं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

“गाडीची जाळी आपण काढली, हे माझ्या लेकानं साऱ्या मुलखाला सांगितलं. स्वतःचं सांगितलं. माझं पोटात ठेवलं. आईची अब्रू जाईल म्हणून वाऱ्यावर घातलं. आणि तुम्ही त्याला पदरवाला म्हणता.” मग माझा आवाज चढला. मला माहीत आहे, माझा आवाज चढला की लोक दारं लावतात. इथं दारं नव्हती. “नऊ वर्षं तो सुनांना सांगत फिरतोय, पदर खोचा. अगं, सुनांना काय कळत न्हाई? रानात कामाला जाताना खोचतातच की. सोडायला कोण लावतं? ही रांग लावते. ही, खुर्च्यांवरची. सासवांना सांगायचं त्याला जमलं न्हाई, कारण सासू म्हंजे मी. म्हणून आता मी सांगते. सून गाडीवर बसली की तिचा पदर तुम्ही खोचा. तुमच्या हातानं खोचा. चावडीवर कोण बसलाय आणि कुणाचा मान जातोय ते माझ्याकडं पाठवा. मी बघते त्याच्याकडं.”

बोलणं संपलं. मला वाटलं होतं कुणी तरी काही तरी म्हणेल. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. खुर्च्यांवरच्या बायका माझ्याकडं बघेनात. मी मयुरीकडं बघितलं. ती सावधानमधे उभी होती. नजर सरळ, पण माझ्यावर नाही, माझ्या मागच्या भिंतीवर.

तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडं गेलं. सर्जेराव उभा होता. तोच मळका शर्ट, हात काळे. कर्ण्यावर माझा आवाज ऐकून मला थांबवायला धावत आला होता आणि पोचेपर्यंत माझं बोलून झालं होतं. पोरांच्या रांगांमधून तो चालत आला. वर चढला. माझ्या शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, “कशाला सांगितलंस?”

“तुझं अर्धं भाषण ऱ्हायलं होतं. ते केलं.”

त्यानं तोंड फिरवलं.

मग शालन पुढं आली. शाल घालायची म्हणजे दोन्ही हात लागतात. तिनं डोक्यावरचा हात काढला आणि शाल दोन्ही हातांनी धरली. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. सासरे समोर. तिनं तो तसाच राहू दिला आणि माझ्या लेकाच्या खांद्यावर शाल नीट, सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखी करत घातली. सर्जेराव वाकला. ग्रीस लागू नये म्हणून हात मागं धरून वाकला.

खुर्च्यांच्या रांगेतून पहिली टाळी अनुसयाची. मग मागच्या सतरंजीवरून, साऱ्या सुनांची. मंडपातल्या टाळ्या सगळ्यात शेवटी आल्या, पण आल्या. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. नऊ वर्षं त्यानं मान खाली घालून शिव्या खाल्ल्या होत्या. तो आज मान वर करून उभा होता आणि ती मान माझ्या पोटची होती. मला अब्रू नव्हती उरली त्या घडीला, तरी त्याच्याएवढं श्रीमंत गावात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी त्याची आई होते.

ह्याला आता आठ वर्षं झाली. सर्जेराव आता वाऱ्याचं सांगत नाही. लग्नसराईत मी त्याच्याबरोबर जाते. तो सुनांकडं बघतो, मी सासवांकडं. गुडघे दुखतात, खुर्ची देतात लोक. सासू कितीही अकडलेली असो, मी हाक मारली की येते. माझं ऐकून तिचा चेहरा उतरतो आणि ती आपल्या हातानं सुनेचा पदर खोचते. काही जणी मला तोंडावर बोलतात, “सुनेला मारून आता शहाणपण शिकवती.” मी म्हणते, “व्हय. म्हणूनच मला ठावं हाय.”

पण मयुरीचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी ती घरी आली, गणवेश बदलला आणि आपलं अंथरूण उचलून अनुसयाच्या घरी गेली. सर्जेराव आणायला निघाला, मी त्याला अडवलं. रोज सकाळी ती दप्तर न्यायला यायची, वेणी अनुसयाकडून घालून घ्यायची, माझ्यापुढून जायची आणि यायची. मी केलेली भाकरी खायची नाही. मी रोज करायची, भाकरी रोज तशीच राहायची.

अठरा दिवस गेले. रविवार होता. मी अंगणात हुलगे पाखडत बसले होते. ती येऊन समोर उभी राहिली.

“आज्जी, तू ओरडलीस तेव्हा आई काय म्हणाली?”

सूप बाजूला ठेवलं. “काय म्हणाली न्हाई. पदर सोडला, डोक्यावर घेतला. निघाली.”

“तुझ्याकडं बघितलं पण नाही?”

“बघितलं. ‘येते आत्या’ म्हणाली.”

“रागावली नाही?”

“न्हाई. माझ्यापुढं रागवायची मुभाच न्हवती कुणाला.”

पोर रडली नाही. दोन्ही मुठी आवळून म्हणाली, “मग तिच्या वाटणीचं मी रागावते.”

“रागाव,” मी म्हटलं. “पोटभर रागाव. कमी करू नको.”

आणि रागावली ती. पावसाळा लागेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. पाण्याच्या टाकीवर बायका मुद्दाम मला विचारायच्या, “आक्का, नात बोलत न्हाई व्हय तुमच्याशी?”

मी घागर खांद्यावर घेऊन, मान ताठ करून सांगायची, “न्हाई बोलत. सर्जेरावाची लेक हाय ती.”